शिकागोत चांगला यीरोस कसा शोधायचा: आधी कोन बघा, मग पैसे द्या

यीरोस म्हणजे उभ्या शिगेवर फिरत भाजल्या जाणाऱ्या मांसाच्या गोळ्यावरून, म्हणजे कोनवरून, पट्ट्या कापून पिटा या जाड, मऊ रोटीत घालून देतात तो ग्रीक पदार्थ. शिकागोत नवीन आलेली आपली मंडळी तो खायला जाते तेव्हा त्याच दोन चुका होतात, मी हे गेली कित्येक वर्षं बघतोय. पहिली चूक, मॅपवर 'यीरोस नियर मी' टाकायचं, साडेचार स्टारवालं पहिलं दुकान गाठायचं, मेन्यूत सगळ्यात वर आहे ते मागवायचं आणि परत येऊन सांगायचं की ठीक होतं, एवढं काय आहे त्यात. दुसरी चूक जास्त गंभीर आहे, लॅम्ब समजून बीफ खाणं.

ही दुसरी माझ्याच हातून झालीये. आई-बाबा पहिल्यांदा इकडे आले होते, दोघंही बीफ खात नाहीत. मी काउंटरवर विचारलं, "इज इट लॅम्ब?" मुलगा म्हणाला, "येस, लॅम्ब." आईने अर्धा पिटा आवडीने खाल्ला. मी हात धुवायला मागच्या बाजूला गेलो तर तिथे कोनचे रिकामे खोके रचून ठेवलेले, आणि लेबलवर घटकांच्या यादीत पहिला शब्द बीफ, त्याच्यानंतर लॅम्ब. आईला सांगितलं. ती काही बोलली नाही, पाणी प्यायली आणि उरलेला पिटा कागदात गुंडाळून बाजूला ठेवला. मला ते अजून लागतं. तो मुलगा खोटं बोलला नव्हता, लॅम्ब होतंच त्यात. माझा प्रश्नच चुकीचा होता.

म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय. क्रम पाळा, मधलं काही गाळू नका, कारण एक पायरी चुकली की पुढच्या सगळ्या चुकतात.

१. घरून निघायच्या आधी: तुम्ही काय खाता ते ठरवा

शिकागोच्या बहुतेक दुकानांत जो उभा फिरणारा मांसाचा कोन दिसतो तो बीफ आणि लॅम्बच्या खिम्याचा असतो. कारखान्यात खिमा, मसाला, बऱ्याचदा ब्रेडक्रम्ब, हे सगळं मळून, दाबून, गोठवून खोक्यात भरतात आणि दुकानदार तो खोका उघडून कोन शिगेवर चढवतो. इथल्या लेबलवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, म्हणजे यादीत बीफ पहिलं असेल तर बीफच जास्त. मेन्यूवर नुसतं 'यीरोस' लिहिलं असेल तर बीफ आहे असंच धरून चाला, मग भिंतीवर मेंढीचं चित्र असलं तरी.

आता घरातल्यांच्या सवयीप्रमाणे:

बीफ चालत असेल तर पुढे जा, काही प्रश्न नाही.

बीफ चालत नसेल तर चिकन यीरोस किंवा पोर्क यीरोस. पोर्कचा यीरोस ग्रीसमध्ये सर्रास मिळतो पण शिकागोत कमी ठिकाणी, आणि जिथे मिळतो तिथे बहुतेक वेळा दुकानातच मांसाचे काप एकावर एक रचून बनवलेला असतो, म्हणून पोर्क खाणाऱ्यांनी तो मुद्दाम शोधावा. चिकनच्या बाबतीत एक गोची आहे, कितीतरी ठिकाणी 'चिकन यीरोस' म्हणून तव्यावर भाजलेले चिकनचे तुकडे पिटात घालून देतात. वाईट लागतं असं नाही, पण ते चिकन शिगेवर फिरलेलं नसतं, आणि आपण शोधतोय ते शिगेवरचं.

हलाल दुकानात बीफ नसतं असा एक समज आपल्यात का कोण जाणे पक्का बसलाय. हलाल म्हणजे पोर्क नाही, बीफ असू शकतं आणि बहुतेक वेळा असतंच. काही ठिकाणी तर कोन शंभर टक्के बीफचा असतो.

गव्हाची अ‍ॅलर्जी असेल तर ब्रेडक्रम्बमुळे पिटाशिवाय नुसतं मांस मागवूनही उपयोग नाही. लेबल बघितल्याशिवाय खाऊ नका.

सावधान: बीफ अजिबात चालत नसेल तर चिकन मागवताना हेही विचारा की सुरी, चिमटा आणि तवा वेगळे आहेत का. छोट्या दुकानात एकच तवा असतो आणि त्यावर सगळं परततात. आधी स्वच्छ करून द्या म्हटलं तर चांगला दुकानदार करून देतो. तोंड वाकडं केलं तर तिथून निघायचं, भांडत बसायचं नाही.

२. तीन दुकानांची यादी करा, जास्त नको

दहा दुकानं लिहून घेतलीत तर एकाही ठिकाणी दुसऱ्यांदा जाणं होत नाही, आणि एका खेपेत दुकान कळत नाही.

शिकागोत यीरोस साधारण चार प्रकारच्या जागी मिळतो. एक, ग्रीक रेस्टॉरंट, टेबल-खुर्ची-वाईनवालं. दोन, हॉटडॉगचा स्टॉल, बाहेर व्हिएन्ना बीफ या हॉटडॉग कंपनीची पाटी आणि आत भिंतीवर क्रोनोस या यीरोसचे कोन बनवणाऱ्या कंपनीचं पोस्टर. तीन, सकाळपासून उघडे असणारे कौटुंबिक डायनर, जिथे ऑम्लेटपासून पॅनकेकपर्यंत सगळं मिळतं. चार, अरब किंवा देसी हलाल दुकानं, जिथे शवर्मा (अरब पद्धतीचं शिगेवरचं मांस) आणि यीरोस शेजारी शेजारी फिरत असतात.

माझं मत विचाराल तर डायनर यादीत घेऊ नका. शंभर पदार्थांच्या मेन्यूत यीरोस दिवसाला मोजून चार-पाच जात असेल तर त्यांना अख्खा कोन लावणं परवडत नाही, मग ते आधीच भाजून, कापून गोठवलेल्या पट्ट्या आणतात आणि तव्यावर गरम करतात. अपवाद असतील, पण सुरुवात तिथून नको. हॉटडॉगचा स्टॉल मात्र घ्याच. आपली माणसं तिथे जायला बिचकतात, दुकान जुनाट दिसतं, बसायला चारच खुर्च्या, पण दुपारी तिथे कामगारांची रांग लागते आणि रांग लागते म्हणूनच कोन ताजा राहतो.

भाग कुठले बघायचे? ग्रीकटाउन हॅल्स्टेड स्ट्रीटवर आहे, ब्लू लाइन ट्रेनच्या यूआयसी-हॅल्स्टेड (यूआयसी म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ इलिनॉय शिकागो) स्टेशनवर उतरून उत्तरेला थोडं चाललं की लागतं. यूआयसीत शिकणाऱ्या मुलांना तर कॉलेजला लागूनच. पण चांगला यीरोस फक्त तिथेच मिळतो हे खरं नाही. शहराच्या वायव्य भागात सेंट्रल आणि हार्लेम अ‍ॅव्हेन्यूकडे, उपनगरांत नाइल्सकडे आणि दक्षिणेला पॅलोस हिल्सकडे ग्रीक कुटुंबं बरीच आहेत, तिथली साधी दुकानंही बघा. हलाल हवं असेल तर डेव्हॉन अ‍ॅव्हेन्यू आहेच, आपण किराणा आणायला जातो तोच रस्ता, आणि दक्षिणेकडचं ब्रिजव्ह्यू, तिथे अरब वस्ती मोठी आहे. नेपरव्हिल किंवा शॉमबर्गला राहणाऱ्यांनी पहिली खेप घराजवळच्याच हॉटडॉग स्टॉलवर करावी, एका यीरोससाठी तासभर गाडी चालवून गेलं की भूक आणि प्रवास दोन्ही मिळून तो आहे त्यापेक्षा चांगला वाटतो.

रिव्ह्यू वाचताना स्टार बघू नका, फोटो बघा. तेही दुकानाने टाकलेले नाहीत, गिऱ्हाइकांनी टाकलेले, गेल्या दोन-तीन महिन्यांतले. फोटोत कोन दिसतोय का? मांसाच्या पट्ट्या लहान-मोठ्या, वेड्यावाकड्या आहेत की सगळ्या एकाच मापाच्या? एकसारख्या, पट्टीने आखल्यासारख्या दिसल्या की समजायचं खोक्यातून आल्यात. कोनवरून कापलेल्या पट्ट्या कधीच सारख्या नसतात, वरच्या बाजूच्या रुंद आणि खालच्या अरुंद येतात.

तपासणी: इन्स्पेक्शनचा रिपोर्ट

हे कुणीच करत नाही आणि याला पाच मिनिटं लागतात. शिकागो शहराच्या डेटा पोर्टलवर 2010 पासूनचे फूड इन्स्पेक्शनचे निकाल सगळ्यांना बघायला ठेवलेत, फुकट. दुकानाच्या नावाने नाही सापडलं तर पत्त्याने शोधा, कारण पाटीवरचं नाव आणि लायसन्सवरचं नाव वेगळं असू शकतं. निकाल पास, पास विथ कंडिशन्स किंवा फेल असा असतो, आणि खाली काय काय सापडलं ते सविस्तर लिहिलेलं असतं.

एखादं जुनं फेल बघून दुकान यादीतून काढू नका. लाइट बंद होता, फरशी फुटली होती, असल्या नोंदी बऱ्याच असतात. आपल्याला बघायची आहे ती तापमानाची नोंद. गरम ठेवायचं अन्न 135 फॅरनहाइट, म्हणजे 57 सेल्सियस किंवा त्याच्या वर असलं पाहिजे असा नियम आहे, आणि तीच चूक पुन्हा पुन्हा लिहिलेली दिसली तर ते दुकान सोडा, कारण यीरोस म्हणजे शेवटी तासन् तास एकाच जागी उभं असलेलं मांस. उपनगरातलं दुकान असेल तर तिथल्या काउंटीच्या किंवा त्या गावाच्या आरोग्य खात्याकडे रिपोर्ट असतात.

३. वेळ: अर्धा खेळ इथेच आहे

एकाच दुकानातला, एकाच माणसाने कापलेला यीरोस दुपारी साडेबाराला आणि साडेतीनला खाऊन बघा, दोन वेगळ्या दुकानातले वाटतील.

कोन कसा भाजला जातो ते समजलं की वेळ आपोआप कळते. उष्णता फक्त बाहेरून लागते. बाहेरचा थर तपकिरी, कुरकुरीत होतो, तो कापला की खालचा ओला, फिकट थर उघडा पडतो आणि त्याला परत भाजायला वेळ लागतो. गर्दी नसली तर बाहेरचा थर भाजून भाजून कोरडा, चिवट होतो. प्रचंड गर्दी झाली तर थर भाजायच्या आधीच सुरी फिरते आणि फिकट, मऊ मांस पिटात येतं. आपल्याला हवी ती या दोन्हींच्या मधली वेळ.

माझ्या अनुभवात दुपारी पावणेबारा ते सव्वाबारा आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा ही सगळ्यात भरवशाची वेळ. कोन तापलेला असतो, बाहेरचा थर तयार असतो, रांग अजून लांब झालेली नसते. दुकान उघडल्या उघडल्या जाऊ नका, कोन नुकताच चढवलेला असतो. रात्री बंद व्हायच्या आधीच्या तासातही नको, शिगेभोवती बाटलीएवढाच कोन उरलेला असतो आणि दिवसभर आच लागून तो आतपर्यंत सुकलेला असतो.

आणि कृपा करून शनिवारी रात्री एक वाजता मित्रांबरोबर खाल्लेल्या यीरोसवरून दुकानाची परीक्षा करू नका. त्या वेळेला सगळंच छान लागतं.

४. दारातून आत गेल्यावर: मेन्यू नंतर, कोन आधी

लगेच रांगेत उभे राहू नका. दोन मिनिटं बाजूला थांबा, फोन काढल्यासारखं करा आणि कोनकडे बघा.

पहिलं बघायचं, कोन आहे का? नसेल, किंवा कुठे दिसतच नसेल, तर "डू यू कट इट ऑफ द कोन?" असं सरळ विचारा. उत्तर गोलमाल आलं तर कोकवर भागवा आणि दुसऱ्या नंबरच्या दुकानाकडे निघा.

दुसरं, बर्नर चालू आहे का? कोनच्या मागे उभी जाळी असते, विजेवरची असेल तर लालभडक दिसते, गॅसची असेल तर ज्योत किंवा लालसर चटका दिसतो. बर्नर बंद आणि कोन तसाच उभा, हे दिसलं की मी थांबत नाही, मग दुकान कितीही नावाजलेलं असो. काही ठिकाणी गर्दी नसताना आच कमी करतात, ते चालतं, पण पूर्ण बंद आणि कोन कोमट हे चालत नाही.

तिसरं, कोनचा रंग. चांगल्या कोनवर गडद तपकिरी थर असतो, त्यावर चरबीचे बारीक थेंब चकाकत खाली उतरत असतात, कडा जरा काळपट. जवळ उभं राहिलं तर तडतड आवाज येतो, आपल्याकडे तव्यावर बांगडा शेकत ठेवल्यावर येतो ना, तसा, फक्त हळू. राखाडी, निस्तेज आणि गप्प कोन म्हणजे आच पुरेशी नाही.

चौथं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, कापणारा माणूस काय करतो ते. विजेवर चालणारी गोल पात्याची सुरी किंवा साधी लांब सुरी, कशानेही चालेल. तो वरपासून खालपर्यंत पातळ पट्टी काढतो का? पट्टी कडेला वळून, गुंडाळून पडते का? ती थेट तुमच्या पिटात जाते का? की खालच्या ट्रेमध्ये आधीच कापून ठेवलेला ढीग आहे, चरबीत भिजत पडलेला, आणि तो त्यातलंच चिमट्याने उचलून देतोय? ढिगातलं मांस मऊ, तेलकट आणि सगळीकडून एकाच चवीचं लागतं. कापून लगेच तव्यावर मिनिटभर परतणं मात्र वेगळं, ते चांगलं, फिकट राहिलेली बाजू तिथे भाजून निघते. घाईच्या वेळी तर ते व्हायलाच हवं, आतला खिमा कच्चा राहून चालत नाही.

नेहमीची चूक: मोठा, नवाकोरा कोन दिसला की लोक खूश होतात, वा, ताजा आहे म्हणून. नवा कोन फ्रीझरमधून आलेला असतो, त्याचे पहिले काही थर बाहेरून भाजलेले आणि आतून नुसते वाफवल्यासारखे लागतात. निम्मा-पाऊण उरलेला कोन, खाली थोडा निमुळता झालेला, तो सगळ्यात छान.

५. काउंटरवर: प्रश्न नेमका विचारा

माझ्यासारखं "लॅम्ब आहे का?" विचारू नका. हे विचारा:

"इज देअर एनी बीफ इन इट?" हो किंवा नाही, असं एकच उत्तर येऊ शकतं.

"कॅन आय सी द बॉक्स?" यात लाजण्यासारखं काहीही नाही. अ‍ॅलर्जीवाले लोक रोज विचारतात, दुकानदाराला सवय असते.

काउंटरवरच्या मुलाला माहीत नसेल तर मॅनेजरला विचारा, आणि मॅनेजरही "आय थिंक सो" म्हणाला तर त्याचा अर्थ माहीत नाही असाच घ्या.

नावाच्या उच्चाराची चिंता करू नका. यीरोस म्हणा, यीरो म्हणा, कळतं त्यांना. 'गायरो' म्हटलं तरी देतात.

६. ऑर्डर: पहिल्या खेपेला साधा सँडविच

पहिल्यांदा जाताना प्लेट मागवू नका. प्लेटमध्ये मांस जास्त, फ्राइज, सॅलड, वेगळा पिटा, आणि एवढ्या पसाऱ्यात काय चांगलं काय वाईट ते कळत नाही. साधा यीरोस सँडविच घ्या, मांस, टोमॅटो, कांदा, सॉस, पिटा. आजकाल त्याला साधारण 10 ते 14 डॉलर पडतात. चीज नको, जास्तीचं मांस नको, तिखट सॉसही नको. दुसऱ्या खेपेला हवं ते घ्या.

सांगायचं असं: "वन यीरोस, कट फ्रेश, अ लिट्ल क्रिस्पी, सॉस ऑन द साइड."

सॉस बाजूला का, तर वरून ओतला की पिटा दोन मिनिटांत ओला होतो आणि मांसाचा कुरकुरीतपणा जातो. शिवाय सॉस वेगळा चाखता येतो. शिकागोत मेन्यूवर त्झात्झिकी (दही-काकडीचा ग्रीक सॉस) ऐवजी बऱ्याचदा 'क्युकंबर सॉस' लिहितात, गोंधळू नका, त्याच जागी वापरतात.

कांदा कमी करायला सांगू नका. बारीक, कच्चा कांदा या चरबीला हवाच, नाहीतर चौथ्या घासाला जड वाटायला लागतं.

शाकाहारी कुणी बरोबर असेल तर फलाफल (चण्याचे तळलेले वडे) किंवा ग्रीक सॅलड. फलाफल आणि फ्राइज चिकनच्याच तेलात तळतात का तेवढं विचारून घ्या.

७. चव घ्यायचा क्रम

हातात आल्यापासून पाच मिनिटांत खायला सुरुवात करा, फोटो एकच काढा. आणि पहिला घास सगळं मिळून घेऊ नका.

आधी मांसाची एक पट्टी नुसती उचलून खा. कड कुरकुरीत, मध्ये रसाळ, मीठ जाणवेल पण घसा कोरडा पडणार नाही, ओरेगॅनोचा आणि लसणाचा वास मागून येईल. रबरासारखं लागलं किंवा नुसतंच मीठ लागलं तर मांसात मार्क गेले.

मग पिट्याचा कोपरा तोडा. यीरोसचा पिटा जाड आणि मऊ असतो, त्याला खिसा नसतो. तो तेलाचा हात लावून तव्यावर शेकलेला हवा, खालून तपकिरी ठिपके, आपल्या नानसारखे. दुमडल्यावर तडा गेला तर शिळा. चामट आणि दमट असेल तर मायक्रोवेव्हमध्ये टाकलाय. मी इथे बराच कडक आहे, कारण पिटा नीट शेकायला अर्ध्या मिनिटाचं काम असतं, आणि तेवढंही कुणी करत नसेल तर बाकीच्या ठिकाणी काय करत असेल.

मग सॉस, बोटाने. दह्याचा आंबटपणा आला पाहिजे, काकडीचा कीस दाताखाली आला पाहिजे, लसूण कळला पाहिजे. काकडीच्या कोशिंबिरीला आधीच मीठ लावून ठेवलं तर पाणी सुटतं, तसंच इथेही होतं, काकडी पिळून न घातल्यास सॉस पाणचट होतो. आणि गुळगुळीत, पांढरा, गोडसर, काकडीचा पत्ता नाही असा असेल तर तो डब्यातला. डब्यातला सॉस असूनही मांस उत्तम असलेली दुकानं मी पाहिलीत, त्यामुळे सॉसवरून दुकान बाद करू नका, घरून चक्का-काकडी कालवून नेता येते.

सगळ्यात शेवटी सगळं एकत्र.

टोमॅटोला मार्क देऊ नका. शिकागोत डिसेंबर ते एप्रिल टोमॅटो सगळीकडेच फिका, त्यात दुकानदाराचा दोष नाही.

८. नोंद आणि दुसरी खेप

फोनच्या नोट्समध्ये लगेच लिहा, घरी जाऊन नाही. तारीख, वार, वेळ, कोन किती उरला होता, ताजं कापलं की ढिगातलं, पिटा तव्यावरचा की नाही, आणि मांस, पिटा, सॉस यांना दहापैकी मार्क. बस, चार ओळी.

मांसाला दिलेले मार्क दुप्पट धरा, बाकीचे आहेत तसे.

तिन्ही दुकानांत तीच ऑर्डर आणि शक्यतो तीच वेळ. एका ठिकाणी प्लेट, दुसरीकडे सँडविच, तिसरीकडे रात्री पार्सल, अशी तुलना होत नाही. मग सगळ्यात वरच्या दोन दुकानांत परत जा, वेगळ्या वारी. एका वारी कापणारा जुना, हातात बसलेला माणूस असतो आणि दुसऱ्या वारी कॉलेजचा मुलगा, फरक जमीन-अस्मानाचा पडतो. दोन्ही खेपेला चांगलं मिळालं तर ते तुमचं दुकान. मग त्या माणसाशी ओळख ठेवा, त्याची शिफ्ट कधी असते ते विचारा, टिप डब्यात टाका.

सावधान: एकाच दिवशी तीन दुकानं करायला जाऊ नका. तिसऱ्याला पोट भरलेलं असतं आणि त्याच्यावर अन्याय होतो.

९. पार्सल न्यायचं असेल तर

इथे चांगला यीरोस घरी पोचेपर्यंत बिघडतो आणि लोक दुकानाला एक स्टार देतात. फॉइलमध्ये घट्ट गुंडाळलं की वाफ आतच राहते, पिटा लगदा होतो, मांस मऊ पडतं. त्यामुळे पार्सलसाठी मात्र प्लेट घ्या आणि सांगा, पिटा वेगळा, सॉस वेगळा, टोमॅटो-कांदा वेगळा, मांसाच्या डब्याचं झाकण जरा उघडं. गाडीत वीस मिनिटांपेक्षा जास्त अंतर असेल तर डिलिव्हरी अ‍ॅपवरून मागवूच नका, ते आणखी दोन घरं फिरून येतं.

घरी आल्यावर मायक्रोवेव्हला हात लावायचा नाही. बिडाचा तवा चांगला तापवा, तेल न घालता मांस एका थरात पसरा, एकावर एक ढीग नको, दीड-दोन मिनिटं हलवू नका, मग एकदाच उलटा. त्याच्या अंगची चरबी सुटते आणि कडा परत कुरकुरीत होतात. मांस काढून त्याच तव्यावर पिटा दोन्ही बाजूंनी शेका.

उरलं तर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, तीन-चार दिवसांत संपवा, आणि परत गरम करताना 165 फॅरनहाइट, म्हणजे 74 सेल्सियसपर्यंत नीट चटका बसू द्या. सॉस आणि टोमॅटो घातलेला अर्धवट सँडविच ठेवायचा असेल तर आधी उघडा, मांस वेगळ्या डब्यात काढा. भिजलेला पिटा टाकून द्या, तो परत उभा राहत नाही.

आई पुढच्या वेळी आली तेव्हा मी आधी फोन केला, चिकनचा वेगळा कोन आणि वेगळा तवा आहे याची खात्री केली, आणि दुकानात गेल्यावर खोका तिला स्वतःला दाखवला. तिने चष्मा लावून लेबल शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, मग म्हणाली, मागव. अख्खा खाल्ला.